इंग्लंडमधील जुनी रांगेतील घरे आणि भारवाहक अंतर्गत भिंत काढण्याचा प्रश्न : एक विवेचन

बीजशब्द : रांगघर, भारवाहक भिंत, सामाईक भिंत, तुळई, टेकू, शेजारहक्क

प्रस्तावना :

'टेरेस' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या मनात गच्ची उभी राहते. इंग्लंडमध्ये मात्र 'टेरेस्ड हाऊस' म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असलेले, रस्त्याच्या कडेने सलग रांगेत बांधलेले घर होय. आपल्याकडील बांधकाम व्यवसायात ज्यास 'रो हाऊस' म्हणतात त्याचेच हे जुने, विटा-लाकडाचे रूप. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्यास 'रांगघर' असे म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनची उपनगरे, मँचेस्टर, लीड्स, लेस्टर अशा वाढत्या शहरांतून कामगार व मध्यमवर्गीयांसाठी अशी घरे मोठ्या प्रमाणावर उभारली गेली. आजही इंग्लंडमधील सुमारे एक-पंचमांश घरे १९१९ पूर्वीची असून त्यांत रांगघरांचा वाटा मोठा आहे.

या घरांच्या तळमजल्यावर बहुधा दोन खोल्या असतात. एक रस्त्याकडची, एक मागची, व दोहोंच्या मध्ये एक भिंत. पुढची खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची आणि कुटुंबाने मागच्या खोलीत वावरण्याची त्या काळची रीत होती. त्या रीतीने मागितलेली भिंत आजच्या कुटुंबास अडचणीची वाटते. उजेड अडतो, जागा तुटक होते, चार माणसे एकत्र बसू शकत नाहीत. साहजिकच ही मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक करणे हा तेथील घरदुरुस्तीतील अत्यंत रूढ प्रकार झाला आहे. तो रूढ आहे म्हणून सोपा आहे, असा समज मात्र घातक ठरतो. भिंत पाडण्यास एक दिवस पुरतो. परंतु त्या भिंतीने शंभर-सव्वाशे वर्षे वाहिलेला भार त्या दिवशी नाहीसा होत नाही. तो दुसरा मार्ग शोधतो, आणि रांगघरात तो मार्ग बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या भिंतीतून जातो. हाच या लेखाचा विषय होय.

रांगघराची घडण :

१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक मंडळांना रस्त्यांची रुंदी, घरामागील मोकळी जागा, भिंतींची जाडी इत्यादींविषयी उपविधी करण्याचा अधिकार दिला. त्यामुळे या काळातील रांगघरे गावोगावी एकमेकांसारखी दिसतात. पुढची, मागची व शेजाऱ्यांशी सामाईक असलेली भिंत साधारणतः ९ इंची, म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी जाड असते. मधली भिंत बहुधा साडेचार इंची, अर्ध्या विटेची. बांधकाम चुन्यातले. वरच्या मजल्याची जमीन लाकडी कड्या व त्यांवरील फळ्यांची असून ती आपल्याकडील कडीपाटाच्या माळ्याची आठवण करून देते. या कड्यांचे एक टोक पुढच्या किंवा मागच्या भिंतीत आणि दुसरे टोक मधल्या भिंतीवर टेकलेले असते. काही अरुंद घरांत मात्र कड्या एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत आडव्या जातात. तेथे मधली भिंत बरीच मोकळी असते.

मजल्याचा भार हा मधल्या भिंतीवरील एकमेव भार नव्हे. वरच्या मजल्यावर तिच्याच रेषेत दुसरी भिंत उभी असते, तिच्यावर वरच्या छताच्या कड्या असतात, आणि पुष्कळदा छपराच्या पाख्यांना मध्यावर आधार देणाऱ्या आडव्या लाकडांचे तिरके दांडेही माळ्यातून तिच्याच माथ्यावर उतरलेले असतात. म्हणजे कौलांवर पडलेल्या बर्फाचा काही अंश अखेरीस बैठकीच्या खोलीतील त्या साध्या दिसणाऱ्या भिंतीत येतो.

भिंत भार वाहते किंवा नाही :

भिंतीवर बोटाने वाजवून पाहण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. भरीव आवाज आला तर भिंत भारवाहक, पोकळ आला तर नुसता आडोसा, असे मानले जाते. जुन्या रांगघरांच्या बाबतीत ही कसोटी विश्वासार्ह नाही. लाकडी चौकटीवर पट्ट्या ठोकून चुन्याचा गिलावा केलेल्या भिंती वाजवल्यास पोकळ वाटतात, परंतु अशा अनेक भिंती वरच्या कड्यांचा भार प्रत्यक्ष वाहत असतात. लंडनच्या काही जुन्या घरांतून तर वरच्या मजल्यावरील लाकडी भिंतीत तिरके दांडे बसवून ती एखाद्या कैचीप्रमाणे स्वतःच्या बळावर एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत तोललेली आढळते. अशा भिंतीत दार फोडण्यासाठी एखादा तिरका दांडा कापला की सगळी कैचीच निकामी होते.

खरी खात्री कड्यांच्या दिशेवरून होते. जमिनीच्या फळ्या कड्यांना काटकोनात ठोकलेल्या असल्याने खिळ्यांच्या ओळी पाहून कड्यांची दिशा कळते. एखाद-दुसरी फळी उचलून कडी भिंतीवर संपते, तिच्यावर दुसरीशी जोडली जाते, की सरळ पुढे जाते, हे पाहावे लागते. त्यानंतर माळ्यावर चढून छपराचे दांडे कोठे टेकले आहेत ते तपासावे लागते. यातही एक फसवी शक्यता उरते. सव्वाशे वर्षांत अशा घरात अनेक मालकांनी अनेक फेरफार केलेले असतात. लाकूड वाळते, वाकते, कुजते. मूळ रचनेत भार न वाहणारी भिंत कालांतराने खचलेल्या कड्यांना टेकू देऊ लागलेली असू शकते. नकाशात ती आडोसा असते, प्रत्यक्षात ती आधार झालेली असते.

भाराचा हिशेब :

विषय स्पष्ट होण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. पुढील आकडे एखाद्या विशिष्ट घराच्या मोजमापाचे नसून विवेचनासाठी धरलेले आहेत. घराची अंतर्गत रुंदी ३.६ मीटर असून मधली संपूर्ण भिंत काढावयाची आहे. तिच्या पुढील व मागील दोन्ही खोल्या साडेतीन मीटर खोलीच्या आहेत. दोन्हीकडच्या कड्यांचा निम्मा निम्मा भार भिंतीवर येतो. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्याचा भार ती वाहते. लाकडी जमीन व तिच्या खालच्या गिलाव्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो, आणि माणसे व सामानसुमान यांसाठी ब्रिटिश मानकांनुसार सुमारे १५० किलो धरल्यास भिंतीच्या दर मीटर लांबीवर ८०० किलो येतात. वरच्या मजल्यावरील अर्ध्या विटेच्या भिंतीचे सुमारे ७००, वरच्या छताचे व माळ्याचे सव्वादोनशेच्या आसपास, छपराच्या वाट्याचे साडेपाचशे. एकूण बेरीज दर मीटरला सुमारे २,३०० किलो, आणि ३.६ मीटरच्या संपूर्ण लांबीवर सव्वाआठ टनांच्या घरात जाते.

आजवर हा भार भिंतीच्या सबंध लांबीवर पसरलेला होता. दहा सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला केवळ २.३ किलो दाब येत होता. जुनी वीट व चुना हा दाब सहज सोसतात. आता भिंत काढून तिच्या जागी पोलादी तुळई घातली, तर सव्वाआठ टनांपैकी निम्मा भार तिच्या एका टोकाशी व निम्मा दुसऱ्या टोकाशी येईल. तुळईचे टोक सामाईक भिंतीत दहा सेंटिमीटर आत गेले आणि तेवढीच तिची रुंदी असली, तर त्या तळहाताएवढ्या जागेवर चार टनांहून अधिक भार बसेल. १.८ मीटर लांबीच्या भिंतीचे काम दहा सेंटिमीटरना करावे लागेल. दाब अठरा पट होईल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एकेचाळीस किलोंच्या आसपास. चुन्यातील जुन्या वीटकामास चार-पाच किलोंपेक्षा अधिक दाब देण्याचे कोणताही जबाबदार अभियंता टाळेल.

म्हणूनच तुळईच्या टोकाखाली काँक्रीटची किंवा दगडाची बैठक द्यावी लागते. वरील उदाहरणात भार सुरक्षितपणे पसरण्यास सुमारे एक हजार चौरस सेंटिमीटर क्षेत्र हवे. सामाईक भिंतीत दहाच सेंटिमीटर आत जाता येत असेल तर ही बैठक भिंतीच्या लांबीत जवळजवळ मीटरभर लांब करावी लागेल, आणि तेवढ्या लांबीवर भार खरोखर पसरण्यासाठी ती भक्कमही असावी लागेल. ते शक्य नसल्यास भिंतीलगत विटांचा नवा खांब किंवा पोलादी स्तंभ उभा करून त्यास स्वतंत्र पाया द्यावा लागतो. 'तुळई किती जाड घ्यावी' हा प्रश्न घरमालक सर्वप्रथम विचारतो. परंतु प्रत्यक्षात तुळई मोडण्याच्या घटना विरळ असतात. त्रास होतो तो तिच्या टोकांखाली.

तुळईसंबंधी विचार करावयाचा तो मोडण्याचा नव्हे, वाकण्याचा. वरील भारास सुमारे २०० मि.मी. उंचीची, दर मीटरला २५ किलो वजनाची तुळई बळाच्या दृष्टीने पुरते, पण ती मध्यावर दहा मिलिमीटरहून किंचित अधिक वाकते. अंतराच्या तीनशेसाठावा भाग, म्हणजे येथे दहा मिलिमीटर, ही गिलावा न तडकण्यासाठी सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा आहे. त्याऐवजी सुमारे २५० मि.मी. उंचीची, दर मीटरला ३१ किलो वजनाची तुळई घेतल्यास वाकणे जवळजवळ निम्म्यावर येते. दर मीटरला सहा किलो पोलाद वाचवण्याच्या मोहात वरच्या शयनगृहातील दारे अडकू लागतात, ती या कारणाने.

टोकांशी आलेला भार तेथेच थांबत नाही. तो सामाईक भिंतीतून खाली पायात आणि पायातून जमिनीत जातो. त्या काळच्या घरांचे पाये उथळ असत. भिंतीच्या बुडाशी विटांचे दोन-चार थर पायरी-पायरीने रुंद करून ते सरळ मातीवर ठेवलेले असत. लंडन व आग्नेय इंग्लंडमधील चिकणमाती उन्हाळ्यात आकसते व पावसाळी हिवाळ्यात फुगते. १९७६ च्या अवर्षणात तेथील असंख्य घरांना तडे गेले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. अशा जमिनीवर एका ठिकाणी नव्याने चार टन आणून ठेवावयाचे असतील, तर त्या ठिकाणी खड्डा खणून पाया डोळ्यांनी पाहिल्याखेरीज निर्णय घेणे योग्य नव्हे.

आडवे बळ व धुराडे :

मधली भिंत केवळ उभा भार वाहत नाही, ही बाब बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. रांगघरांच्या रांगेस तिच्या लांबीच्या दिशेने ताठ ठेवणाऱ्या भिंती तीनच : पुढची, मागची व मधली. पैकी पुढची व मागची दारे-खिडक्यांनी पोखरलेल्या असतात. मधल्या भिंतीचे पूर्ण उच्चाटन झाले की सामाईक भिंतींना आडवा धीर देणारे फारसे काही उरत नाही. एका घराने असे केले तर शेजारची घरे ते सावरून घेतात. रांगेतील घरामागून घर तेच करू लागले तर सावरणारे कोण, हा प्रश्न उभा राहतो. रांगेच्या टोकाच्या घरास तर एका बाजूचा शेजारच नसतो. म्हणून दोन्ही कडांना भिंतीचा काही भाग राखून ठेवणे, किंवा तुळईस दोन्हीकडे स्तंभ जोडून पोलादी चौकट उभारणे, हे मार्ग सुचवले जातात. घरमालकास हा शिल्लक भाग डोळ्यांत खुपतो, आणि गवंड्याकडून तो 'जाता जाता' काढून घेण्याचे प्रकारही घडतात.

धुराड्याच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या स्वरूपात होते. जागा वाढवण्यासाठी तळमजल्यावरील शेकोटीचा पुढे आलेला विटांचा भाग काढला जातो. वरच्या मजल्यांवरील व छपरावरील धुराडे मात्र तसेच राहते, आणि काही टन वीटकाम निव्वळ जुन्या चुन्याच्या चिकटपणावर लोंबकळत राहते.

प्रत्यक्ष काम :

तुळई बसेपर्यंत वरचा भार कोठेतरी तोलून धरावाच लागतो. त्यासाठी भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून त्यांतून आडव्या पोलादी वा लाकडी दांड्या आरपार घालतात आणि प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांखाली मळसूत्री पोलादी टेकू उभे करतात. तेथील कारागीर या दांड्यांना 'नीडल' व टेकूंना 'अ‍ॅक्रो' म्हणतात. हे दुसरे नाव १९३० च्या दशकात असे टेकू बाजारात आणणाऱ्या उद्योगावरून रूढ झाले. वर विटांची भिंत नसून नुसत्या कड्याच असतील, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकूंची रांग लावून कड्या उचलून धरतात. एकाच बाजूला टेकू लावून भागत नाही, कारण दोन्हीकडच्या कड्यांची टोके त्याच भिंतीवर असतात.

टेकूंखाली काय आहे, हेही पाहावे लागते. या घरांची तळमजल्याची जमीनही पुष्कळदा लाकडी व पोकळ असते. टेकू नुसता फळीवर ठेवल्यास भार जमिनीत न जाता फळी खाली जाते. तो फळ्या उचलून भक्कम मातीपर्यंत न्यावा लागतो किंवा जाड लाकडी पाटावर पसरवावा लागतो.

तुळई जागेवर आल्यावर तिचा माथा व वरचे वीटकाम यांत थोडी फट राहतेच. ती फट सिमेंट व वाळूच्या जेमतेम ओलसर मिश्रणाने ठासून भरणे, आवश्यक तेथे पाटीच्या दगडाचे तुकडे घट्ट बसवणे, आणि ते मिश्रण पुरेसे कठीण झाल्यावरच टेकू क्रमाक्रमाने सैल करणे, ही या कामातील सर्वांत नाजूक पायरी होय. घाईने टेकू काढले की वरची भिंत फटीएवढी खाली बसते. शेवटी पोलाद उघडे ठेवून चालत नाही. सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानास त्याचे बळ बरेच घटते. म्हणून अर्धा तास आग सोसेल असे जिप्समच्या फळ्यांचे किंवा तत्सम आवरण त्यास द्यावे लागते.

कायदा व शेजार :

इंग्लंडमध्ये अशा कामास साधारणतः नगररचनेची परवानगी लागत नाही. घर वारसा-सूचीत असेल तर मात्र अंतर्गत फेरफारासही संमती घ्यावी लागते. बांधकाम-नियमांखालील मान्यता मात्र प्रत्येक वेळी आवश्यक असते. स्थानिक प्रशासनाचा किंवा नोंदणीकृत खाजगी तपासनीस अभियंत्याची आकडेमोड पाहतो, तुळई झाकली जाण्यापूर्वी तिची बैठक पाहतो, आणि काम पूर्ण झाल्यावर दाखला देतो. घर विकतेवेळी खरेदीदाराचा वकील हा दाखला मागतो. मागच्या पिढीत विनापरवाना काढलेल्या अनेक भिंती अशा वेळीच उघडकीस येतात.

तुळईचे टोक सामाईक भिंतीत घालावयाचे असेल तर १९९६ चा सामाईक भिंतींविषयीचा कायदा लागू होतो. इंग्लंड व वेल्समध्ये तो १ जुलै १९९७ पासून अंमलात आहे. त्याची मुळे १६६६ च्या महाआगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीसाठी झालेल्या कायद्यापर्यंत मागे जातात. काम सुरू करण्यापूर्वी किमान दोन महिने शेजाऱ्यास लेखी सूचना द्यावी लागते. चौदा दिवसांत त्याची संमती न आल्यास वाद उत्पन्न झाला असे गृहीत धरले जाते, आणि उभयतांनी नेमलेले एक किंवा अधिक सर्वेक्षक काम कसे, केव्हा व कोणत्या दक्षतेने करावे याचा निवाडा देतात. शेजाऱ्याच्या भिंतींची कामापूर्वीची स्थिती, असलेले तडे, यांची नोंद करून ठेवण्याची पद्धत आहे. या कायद्याने शेजाऱ्यास कामास सरसकट नकार देण्याचा अधिकार मिळत नाही, ही त्याची विशेषता म्हणावी लागेल. मालकास आपल्या घरात सुधारणा करण्याचा हक्क आहे. मात्र त्याचा भार ज्याच्या भिंतीत जातो त्यास तो कळला पाहिजे.

मुंबईच्या संदर्भात :

हा प्रश्न मराठी वाचकास परका नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात ठेवण्यात आला. त्यापूर्वी जुलै २००७ मध्ये बोरिवलीत कोसळलेल्या सात मजली इमारतीबाबतही तळमजल्यावरील दुकानातील फेरफाराकडेच बोट दाखवण्यात आले होते. या इमारतींचे बांधकाम इंग्लंडमधील रांगघरांहून वेगळे, हे खरे. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब वाहतात व विटांच्या भिंती बहुतांशी मधली पोकळी भरतात. किंबहुना आपल्याकडील धोका याच फरकातून वाढतो. सांगाड्याच्या इमारतीत भिंती सर्रास हलवण्याची सवय झालेला कंत्राटदार १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीत किंवा जुन्या बैठ्या चाळीत काम करतो, तेव्हा तेथील भिंतीकडेही तो त्याच नजरेने पाहतो.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर आहे. ही तपासणी ठरावीक मुदतीने होते, भिंत काढण्याच्या दिवशी नव्हे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत अंतर्गत फेरफारासाठी संस्थेची पूर्वपरवानगी उपविधींनुसार आवश्यक असते. म्हणजे शेजाऱ्याचे म्हणणे तेथे निदान संस्थेमार्फत पोहोचू शकते. पागडीच्या जुन्या इमारतीत अशी संस्थाच नसते. तेथे तळमजल्यावरील गाळ्यात भिंत उतरवली जात असल्याची पहिली सूचना वरच्या भाडेकरूस मिळते ती बहुधा घणाच्या आवाजाने.